सुट्या भागांतून इलेक्ट्रिक गिटार: भोक पाडण्याआधी काय काय मोजायचं

इलेक्ट्रिक गिटार घरी जुळवता येते, कारण ती मुळात जुळवण्यासाठीच आखलेली आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांनी १९५० साली जी गिटार बाजारात आणली आणि जिला १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव मिळालं, तिचा नेक (तारा दाबायचा लांब दांडा) बॉडीला सरसाने चिकटवलेला नव्हता. चार स्क्रूंनी आवळलेला होता. बॉडी म्हणजे कोरलेली सपाट फळी, आणि बाकी सगळं त्या फळीवर स्क्रूने बसवलेलं. नेक खराब झाला तर चार स्क्रू काढा, दुसरा लावा. आज सुट्या भागांचा जो बाजार आहे, तो याच कल्पनेवर उभा आहे.

नवख्या माणसाला भीती वाटते ती वायरिंगची आणि रंगाची. पण वायरिंग चुकलं तर सोल्डर वितळवून पुन्हा जोडता येतं, रंग फसला तर घासून पुन्हा मारता येतो. भूमिती मात्र तशी नाही. नेकची खाच, बॉडीची मधली रेषा आणि ब्रिजची (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाची) जागा ही तीन मापं जुळली तर स्वस्तातली गिटारही सुरात वाजते, आणि यातलं एक जरी हुकलं तर महागडे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक आणि कॉइल) लावूनही ती बेसूरच राहते. म्हणून या लेखात मापांवर जास्त वेळ घालवला आहे.

स्केल: नेक सांगतो, ब्रिज ऐकतो

नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी घडी) मोकळ्या तारेची जी लांबी, ती स्केल. फेंडर पद्धतीत ती २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी. गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीत साधारण ६२८ मिमी. नेकवरचे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, या लांबीच्या हिशेबानेच ठोकलेले असतात. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. ६४७.७ ला भागलं तर ३६.३५, म्हणजे पहिला फ्रेट नटपासून ३६.३५ मिमीवर. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२३.८५ मिमीवर येतो.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची. तुम्ही नेक विकत घेतला त्या क्षणी स्केल ठरलं. आता ब्रिज कुठे बसणार हे बॉडीवर छापलेल्या खुणेने ठरत नाही, बॉडी विकणाऱ्याच्या शब्दानेही नाही. नट ते बाराव्या फ्रेटचं अंतर मोजा, दुप्पट करा, तीच खरी लांबी. हातात आलेला नेक पहिल्या दिवशी अशा रीतीने मोजून घ्यावा, कारण ऑनलाइन विक्रेत्यांच्या वर्णनात स्केल चुकीचं लिहिलेलं सापडतं.

काय काय लागतं

पहिल्या गिटारसाठी टेलिकास्टर धाटणीच निवडा. बॉडीला पोटाजवळचे उतार नाहीत, सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोच्या स्प्रिंगा नाहीत, पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे फिरते कंट्रोल) दोनच, स्विच तीन जागांचा. फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली ती यातल्या बहुतेक गोष्टींत भर घालून, आणि ती प्रत्येक भर म्हणजे बिघडण्याची एक जास्त जागा.

बॉडी, फ्रेट ठोकलेला नेक, नेकप्लेट आणि तिचे चार स्क्रू, सहा सॅडलचा ब्रिज, एका ओळीतले सहा ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), नट, दोन पिकअप, कंट्रोल प्लेट, दोन पॉट, लिव्हर स्विच, एक कपॅसिटर, जॅक आणि त्याचा कप, पट्ट्याची दोन बटणं, दीड-दोन मीटर वायर, तांब्याची चिकटपट्टी, १०–४६ चा तारांचा सेट (पातळ तार ०.०१० इंच, जाड ०.०४६ इंच). एवढ्यात गिटार होते. ब्रिज घेताना तारा मागच्या कडेतून ओवायचा, म्हणजे टॉप-लोड प्रकारचा घ्या. तारा बॉडीच्या आरपार जाणारा ब्रिज जास्त देखणा दिसतो, पण ४५ मिमी लाकडातून हातातल्या ड्रिलने सहा भोकं सरळ पाडणं अशक्यप्राय आहे. पाठीमागे ती वेडीवाकडी निघतात आणि लपवता येत नाहीत.

मुंबईत हे भाग एका दुकानात मिळत नाहीत. तारा, ट्यूनर, जॅक, कधी कधी पिकअप धोबी तलाव भागातल्या वाद्यांच्या दुकानांत चौकशी केली की मिळतात. पॉट, कपॅसिटर, वायर, सोल्डर, मल्टिमीटर यांच्यासाठी लॅमिंग्टन रोड, पाटीवर ज्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ड्रिल बिट, कानशी, ॲलन की आणि स्क्रू नागदेवी स्ट्रीटला. नेक आणि बॉडी बहुतेक वेळा ऑनलाइन. परदेशातून मागवलं तर कस्टम्स ड्युटी आणि जीएसटी धरूनच हिशेब करा.

खरेदीतला एक फसवा मुद्दा म्हणजे इंच आणि मिमी यांची सरमिसळ. अमेरिकन पद्धतीच्या पॉटला ९.५ मिमीचं भोक लागतं, आशियाई बनावटीच्या लहान पॉटला ७ किंवा ८ मिमीचं. मोठ्या भोकात लहान पॉट वॉशर लावून बसतो, उलट होत नाही. नॉबचंही तसंच: गुळगुळीत दांडी ६.३५ मिमीची, दातेरी दांडी ६ मिमीची. ट्यूनरची भोकं जुन्या धाटणीत साडेआठ-पावणेनऊ मिमी, नव्या धाटणीत १० मिमी. त्यामुळे आधी नेक घ्या, कॅलिपरने भोक मोजा आणि मग ट्यूनर मागवा.

लाकूड, आणि बिल्डिंगमधला सुतार

बॉडी तयार घेतलीत तर हा भाग वाचून सोडून दिला तरी चालेल. स्वतः कापून घ्यायची असेल तर रे रोडच्या वखारींत आधी वजनाचा विचार करून शिरा. टेलिकास्टरच्या बॉडीत कापून-कोरून साधारण साडेचार लिटर लाकूड उरतं. सागवान घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो, म्हणजे नुसती बॉडी तीन किलोच्या जवळ. वर नेक आणि लोखंड धरलं की उभ्याने तासभर वाजवणं ही शिक्षा. त्यापेक्षा तून बरा. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी वापरतात तेच हे लाकूड. हलकं, कापायला सोपं आणि त्यातून बॉडी दोन-सव्वादोन किलोत होते. शिसवी फिंगरबोर्डला (नेकवरची फ्रेट ठोकलेली पट्टी) उत्तम, आख्ख्या बॉडीला नको. कोणत्या लाकडाने सूर ‘गोड’ होतो यावर हवं तितकं भांडता येतं, पण पिकअप, त्यांची उंची आणि सेटअप यांनी जेवढा फरक पडतो तेवढा फळीने पडत नाही. पहिल्या बॉडीसाठी वजन, सुकेपणा आणि गाठी नसणं एवढंच पाहा.

सुकेपणा मात्र गंभीरपणे घ्या. पावसाळ्यात मुंबईची हवा ८५ टक्के आर्द्रतेवर गेली की उघड्यावरचं लाकूड १७ टक्क्यांपर्यंत ओलं होतं. ६५ टक्क्यांच्या हवेत ते १२ च्या आसपास स्थिरावतं. जुलैत कापलेली खाच जानेवारीत नेकला आवळते किंवा सैल पडते ती यामुळे. फळी घरात आणून दोन महिने हवा खेळेल अशी पट्ट्यांवर आडवी ठेवा आणि काम दिवाळीनंतर काढा.

फ्लॅटमध्ये राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवायची सोय नसते, पण जवळपास कुठेतरी फर्निचरचं काम चालू असतंच आणि त्या सुताराकडे राउटर असतो. त्याच्याकडून काम करून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सुतार सुतांत बोलतो. एका इंचात आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. यातली दोन मापं नशिबाने सुतांत अचूक बसतात: बॉडीची जाडी चौदा सूत, म्हणजे पावणेदोन इंच, आणि नेकच्या खाचेची खोली पाच सूत, म्हणजे १६ मिमी. गडबड होते ती खाचेच्या रुंदीत. नेकची टाच, म्हणजे खाचेत बसणारं टोक, २ पूर्णांक ३/१६ इंच, म्हणजे ५५.६ मिमी रुंद असते. सुतार तिला सहज सव्वादोन इंच म्हणून टाकतो, म्हणजे ५७ मिमीहून जास्त. तो दीड मिमी त्याच्या दृष्टीने काहीच नाही. गिटारला मात्र तेवढ्यात नेक एका बाजूला कलून पहिली किंवा सहावी तार फिंगरबोर्डवरून घसरते. म्हणून त्याला माप सांगू नका. ६ किंवा १२ मिमी एमडीएफचा टेम्प्लेट तुमच्याच नेकवर धरून, कानशीने घासून बनवा आणि तो हातात द्या. राउटर एका वेळी पाच-सहा मिमीच खाली जाऊ द्यावा. घाई केली की बिट लाकडाचा तुकडा उचकटतो, आणि तो नेमका दर्शनी कडेचा असतो.

खाचेच्या बाजू थोड्या सैल असल्या तरी चालतं, एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतक्या. तळ मात्र सपाटच हवा. तळाला राहिलेला रंगाचा थेंब किंवा भुशाचा कण नेकला हळूच तिरका करतो, आणि त्याचा परिणाम २५ सेंमी दूर ब्रिजवर कित्येक पटींनी दिसतो. स्ट्रॅट धाटणीच्या नेकची टाच गोल असते, टेलीची (टेलिकास्टरची) सपाट. गोल टाच टेलीच्या खाचेत बसते, कोपऱ्यांत फट दिसते एवढंच. सपाट टाच गोल खाचेत बसतच नाही.

नेकचे चार स्क्रू

नेकचे स्क्रू सुमारे ४.२ मिमी व्यासाचे आणि ४५ मिमी लांब असतात. बॉडीतली भोकं ४.५ मिमीची ठेवा, म्हणजे स्क्रू त्यांतून नुसता सरकला पाहिजे. पुष्कळांचं इथे चुकतं. स्क्रूचे आटे बॉडीतही धरले तर बॉडी आणि नेक यांच्यामधली फट कितीही आवळलं तरी मिटत नाही, कारण स्क्रू दोघांनाही आहे त्या अंतरावर पकडून ठेवतो. आटे फक्त नेकमध्ये धरायला हवेत.

नेकमध्ये ३.२ मिमीचं भोक पाडा. खोली किती? बॉडी ४४.५ मिमी, त्यातून खाचेचे १६ गेले, उरले २८.५, प्लेटची जाडी दीड मिमी, म्हणजे ४५ मिमी स्क्रूचे १५ मिमी नेकमध्ये जाणार. ड्रिल बिटला १६ मिमीवर मास्किंग टेपचं निशाण गुंडाळा आणि तिथे थांबा. टाच एकूण २५.४ मिमी जाड आहे आणि वरचा थर फिंगरबोर्डचा. टेप न लावता पाडलेलं भोक बाविसाव्या फ्रेटजवळ वर डोकावतं. स्क्रूला मेण किंवा कोरडा साबण चोळून आवळा, नेकचं मेपल लाकूड कठीण असतं. भोक पाडण्याआधी नेक जागेवर क्लॅम्पने धरून मधली रेषा जुळते ना, ते खालच्या कृतीने पाहून घ्या.

ब्रिज: सगळ्यात सावकाश करायचं काम

मधली रेषा बॉडीच्या आकारावरून काढू नका. नेकच्या बाजूंना असलेली बॉडीची दोन्ही शिंगं सारखी नसल्याने डोळा फसतो. नेकच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या लावून त्या ब्रिजपर्यंत वाढवा आणि त्यांच्या मधोमध रेघ ओढा. बॉडीवर आधी मास्किंग टेप चिकटवली तर पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसते, आणि ड्रिलने रंगाची कपचीही उडत नाही.

आता सॅडल. दाबलेली तार थोडी ताणली जाते आणि सूर चढतो, त्यामुळे प्रत्यक्षात तार स्केलपेक्षा किंचित लांब ठेवावी लागते. पातळ पहिल्या तारेला एक-दीड मिमी, जाड सहाव्या तारेला साडेतीन ते पाच मिमी. म्हणजे सॅडलना मागे सरकायला भरपूर जागा हवी, पुढे जायला थोडीच. पहिल्या तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा, पुढे अजून तीन मिमी जाता येईल एवढं ठेवून. त्या सॅडलचा माथा नटच्या आतल्या कडेपासून नेमका ६४७.७ मिमीवर येईल असा ब्रिज ठेवा. स्टीलची एक मीटरची पट्टी वापरा. शिंप्याची टेप ताणली जाते, आणि सुताराच्या टेपचं टोकाचं हुक हलतं.

ब्रिज दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता चिकटवा. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी बारीक दोरा नटपासून सॅडलपर्यंत ताणून धरा. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोऱ्यांपासून फिंगरबोर्डच्या कडेपर्यंतचं अंतर सारखं आहे का? नसेल तर ब्रिज आडवा सरकवा. सारखं झाल्यावर नट ते सॅडल पुन्हा मोजा, कारण आडवं सरकवताना तो पुढेमागेही हलतो. दोन्ही मापं एकाच वेळी जुळली की मगच टोच्याने चार खुणा करा आणि भोकं पाडा. भोकाचा व्यास स्क्रूचे आटे सोडून मधल्या गाभ्याएवढा असावा. स्क्रूपुढे बिट धरून उजेडाकडे पाहिलं की दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत.

बॉडीवर ब्रिजची भोकं आधीच पाडलेली आली असतील तरीही हेच करा. चुकीच्या जागी असतील तर कठीण लाकडाची खुंटी सरस लावून ठोका, चोवीस तास ठेवा आणि नवं भोक पाडा. रंग अजून मारायचा असेल तर खूणही राहत नाही. म्हणूनच क्रम असा: कोऱ्या लाकडावर सगळी गिटार एकदा जुळवा, दोन तारा चढवून पाहा, प्रत्येक भोक पाडून घ्या, मग सगळं सोडवा, रंगवा आणि शेवटचं जुळवा. आधी रंगवून मग ड्रिल घेणारे रंगावर ओरखडे काढून ठेवतात.

ट्यूनरचे बारीक स्क्रू मऊ असतात आणि मेपलमध्ये त्यांची डोकी तुटतात. दीड-एक मिमीचं भोक पाडा, त्याच आकाराचा एक साधा स्टीलचा स्क्रू आधी प्रत्येक भोकात फिरवून आटे पाडून घ्या आणि मग चकचकीत स्क्रू लावा.

रंग

१२०, १८०, २४०, ३२० अशा क्रमाने काचपेपर, रेषांच्या दिशेनेच. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पावसाळ्यात मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि थर दुधी पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पातळ थर, शेवटचा थर मारून तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ असतं, पण त्यातलं हार्डनर फुप्फुसांना घातक. कापडी मास्क चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क हवा, आणि बंद खोलीत ते मारूच नये. फ्लॅटमध्ये सगळ्यात शहाणपणाचा पर्याय म्हणजे हाताने चोळायचं तेल-फिनिश. फक्त जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवूनच टाका. नेकच्या खाचेत रंग जाऊ देऊ नका, टेप लावा.

वायरिंग

कागदावर जंजाळ दिसतं, पण रस्ता एकच आहे. दोन्ही पिकअपच्या हॉट (सिग्नल नेणाऱ्या) वायर स्विचच्या आत जाणाऱ्या दोन टोकांना. स्विचच्या बाहेर पडणाऱ्या टोकातून व्हॉल्यूम पॉटच्या एका कडेच्या पायाला. व्हॉल्यूमच्या मधल्या पायातून जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणारा भाग). व्हॉल्यूमचा उरलेला कडेचा पाय वाकवून त्याच्याच पाठीला सोल्डर, म्हणजे ग्राउंडला (सिग्नलच्या परतीच्या वाटेला). टोन पॉट हा फाटा: व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायापासून कपॅसिटर टोनच्या मधल्या पायाला आणि टोनचा एक कडेचा पाय ग्राउंडला. तो कोणता, हे नॉब उलट फिरतो का यावरून कळतं. उलट फिरला तर दुसरा घ्या. सगळे ग्राउंड, ब्रिजखाली जाणारी वायर धरून, एका पॉटच्या पाठीवर एकत्र आणि तिथून जॅकच्या स्लीव्हला (प्लगच्या नळीला टेकणारा भाग).

सिंगल-कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपला २५०के (किलोओहम), दोन कॉइलच्या हमबकरला ५००के पॉट. लॅमिंग्टन रोडला २२०के किंवा ४७०के हाती आला तरी काम होतं, कानाला फरक नगण्य. पॉटवर ए लिहिलेला व्हॉल्यूमला घ्या. बी लिहिलेल्या पॉटवर बराच वेळ काही होत नाही आणि शेवटी आवाज एकदम पडतो. कपॅसिटरवर ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ म्हणजे ०.०२२. गिटारमधला व्होल्टेज इतका क्षुल्लक असतो की ५० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर पुरतो; ‘व्हिंटेज’ म्हणून शेकडो रुपयांना विकला जाणारा कपॅसिटर त्याच मूल्याचा असेल तर तसाच वाजतो.

२५ वॅटची सोल्डरिंग आयर्न वायरींना पुरते, पॉटच्या पाठीला नाही. तो पत्रा उष्णता शोषून घेतो, तुम्ही अर्धा मिनिट धरून बसता आणि आतला कार्बनचा पट्टा जळतो. ४० ते ६० वॅटची घ्या, पाठीवर काचपेपरने घासून चमक काढा, आधी पत्र्यावर आणि वायरवर वेगवेगळं सोल्डर चढवा आणि मग तीन-चार सेकंदांत जोडा. सांधा चकचकीत दिसला पाहिजे. मळकट, दाणेदार दिसला तर ड्राय सोल्डर, आज वाजेल आणि महिन्याने खरखरेल. नळकामाची ॲसिड पेस्ट अजिबात वापरू नका, वायर गंजतात.

टेलीच्या कंट्रोल प्लेटखालची जागा अरुंद आणि उथळ असते. तिथे तांब्याची चिकटपट्टी लावली की स्विचचे पाय तिला टेकतात आणि आवाज पूर्ण बंद. खाचेच्या त्या भागावर इन्सुलेशन टेपचा थर द्या. पट्टीचे तुकडे एकमेकांवर चढवून सांध्यांना सोल्डरचा ठिपका द्या आणि एक वायर ग्राउंडला जोडा.

तांब्याची पट्टी नेमकी काय थांबवते, हेही कळायला हवं. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडीचे ड्रायव्हर यांचा किर्रर्र आवाज ती बराच कमी करते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्झची घूं तिला जुमानत नाही. ती सिंगल-कॉइलचा स्वभावच आहे. दोन कॉइल उलट जोडून ती घालवायची युक्ती गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी मांडली, तोच हमबकर.

जोडणी झाल्यावर तारा चढवण्याआधी मल्टिमीटर घ्या. जॅकमध्ये केबल लावा, तिच्या दुसऱ्या टोकाच्या टिप आणि स्लीव्हमध्ये रोध मोजा. एका सिंगल-कॉइलला साधारण ५ ते ८ किलोओहम, स्विचच्या मधल्या जागी दोन्ही समांतर म्हणून जवळपास निम्मा. शून्य आला तर कुठेतरी हॉट ग्राउंडला टेकलंय. काहीच आलं नाही तर वायर तुटली. मग ब्रिजपासून स्लीव्हपर्यंत बीप वाजतो का, ते पाहा. ॲम्प लावून तारांना हात लावा: घूं कमी झाली तर सगळं बरोबर; काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटली; वाढली तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे आहेत. मधल्या जागी आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर दोन पिकअप उलट फेजमध्ये (एकमेकांचा सिग्नल खोडत) आहेत, वेगवेगळ्या कंपनीचे घेतले की हे हमखास होतं. एकाच्या दोन वायर अदलाबदल करा. पण टेलीच्या नेक पिकअपचं धातूचं झाकण त्याच्या ग्राउंड वायरला जोडलेलं असतं. ती जोडणी आधी तोडून झाकणाला स्वतंत्र ग्राउंड द्या, नाहीतर झाकणच हॉट होऊन बसेल.

एक सुरक्षेची गोष्ट. तुमच्या तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या आहेत. जुन्या चाळींत आणि बिल्डिंगांत तीन भोकांचं सॉकेट असूनही आत अर्थिंगची वायर नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कापायची नाही.

तारा चढवल्यावर

१०–४६ चा सेट साध्या सुरात नेकला एकूण सुमारे ४७ किलोने ओढतो. पूर्ण सुरात आणून एक रात्र तसंच ठेवा, मग क्रमाने चला. क्रम बदलला तर प्रत्येक माप पुन्हा घ्यावं लागतं.

पहिल्यांदा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२५ मिमी फट हवी. जास्त असेल तर उजवीकडे पाव फेरा, कमी असेल तर डावीकडे. एका वेळी पावच. ॲलन की नेमक्या मापाची हवी. मिमीची की इंचाच्या नटात बसवली तर कोपरे झिजतात, आणि मग तो रॉड कायमचा गेला.

मग तारांची उंची: सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी. सॅडल पूर्ण खाली आले तरी तारा उंचच असतील तर खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर घाला. लग्नपत्रिकेचा अर्धा मिमी जाड तुकडा तिथे घातला तर ब्रिजवर सुमारे पावणेदोन मिमी फरक पडतो, त्यामुळे जपून. सॅडल फार वर उचलावे लागत असतील तर पाचर खाचेच्या दुसऱ्या टोकाला.

नट बहुतेकांकडून दुर्लक्षित राहतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर पहिल्या तीन फ्रेटांवर सगळं चढं लागतं आणि लोक उगाच इंटोनेशनला (सॅडल पुढेमागे करून सूर जुळवण्याला) दोष देतात. नटच्या खास कानशी महाग आहेत. वेल्डिंगच्या दुकानात गॅसचं नोझल साफ करायच्या गोल कानशींचा जो स्वस्त सेट मिळतो, त्यात तारेच्या मापाच्या कानशी सापडतात. खाच हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) किंचित उतरती ठेवा. जास्त खोल गेली तर हाडाची भुकटी आणि सुपरग्लू भरून पुन्हा सुरुवात.

एखाद्याच फ्रेटवर तार खरखरत असेल तर तीन फ्रेटांवर टेकेल एवढी छोटी स्टीलची पट्टी ठेवून डुगडुगते का पाहा. मधला उंच असेल तर आधी सरसाचा थेंब घालून दाबून बसतो का बघा, घासणं नंतर. घासल्यावर स्टीलवूल वापरणार असाल तर पिकअपवर टेप लावायला विसरू नका. लोखंडाचा बारीक कीस चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून अंतर जाड तारेखाली २.४ मिमी, पातळ तारेखाली २ मिमी ठेवा. याहून जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सहावी तार दोन सुरांत डळमळते. इंटोनेशन सगळ्यात शेवटी, नव्या तारांवर, गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरून. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर, सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्रावर जुळवा. दाबलेला चढा तर सॅडल मागे, उतरता तर पुढे. तार एका बाजूला सरकलेली दिसली तर नेकचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, नेक हाताने हवा त्या बाजूला ओढून धरा आणि आवळा. मिमीभर चूक एवढ्याने निघते.

जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात ट्रस रॉडचं माप घ्या. एसीच्या खोलीत ठेवलेली गिटार आणि खिडकीपाशी टांगलेली गिटार यांचे नेक वेगवेगळे वागतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उपयोगी नाही. समुद्राच्या हवेने सॅडलचे बारीक स्क्रू गंजून अडकतात; तारा बदलताना प्रत्येकाला शिवणयंत्राच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या. जॅक खरखरला तर काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, आणि तरीही थांबलं नाही तर टिपला टेकणारी पत्र्याची पट्टी जराशी आत वाकवा.